प्रवासात, लग्नात, यात्रेत बाळाचा डायपर बदलताना : बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या आईबाबांसाठी

माझी थोरली सहा महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. माहेराहून बेळगावला परत यायचं होतं. पावसाचे दिवस, बस अजून लागली नव्हती, आणि मी स्टँडच्या बाकावर बसून तिला पाजत होते. झाडलोट करणारी बाई बाकांखालचा कचरा ओढत ओढत आमच्यापर्यंत आली. खराट्याला काहीतरी जड लागलं म्हणून तिनं वाकून ते हातानं उचललं. हातात मोजे नव्हते. कुणीतरी बाकाखाली सरकवून गेलेला डायपर होता तो, उघडाच टाकलेला, पावसाच्या पाण्यानं टम्म फुगलेला. उचलताच मधोमध फाटला आणि आतला पांढरा, चिकट लगदा तिच्या मनगटावरून बांगड्यांत उतरला. ती काही बोलली नाही. मनगट खांबाला पुसलं आणि पुढच्या बाकाखाली खराटा घातला.

माझ्याही पिशवीत त्या वेळी तसाच एक डायपर होता आणि तो कुठं टाकायचा हे मी ठरवलेलं नव्हतं.

तेव्हापासून बाहेर डायपर बदलायची वेळ आली की मला आधी ते मनगट आठवतं. चारचौघांत डायपर बदलायचा म्हटल्यावर आपल्याला पहिली काळजी असते ती बघणाऱ्यांची. पण बघणारा दोन मिनिटं बघून मान फिरवतो. आपल्यानंतर त्या बाकावर बसणाऱ्याला, त्या बेसिनवर चूळ भरणाऱ्याला आणि शेवटी तो डायपर उचलणाऱ्याला काय सोसावं लागतं, याचा विचार आधी केला की बाकीच्या गोष्टी सोप्या होतात. दोन मुलांना घेऊन बेळगाव, खानापूर, निपाणी, कोल्हापूर अशा फेऱ्या करताना जे जमत गेलं ते इथे सांगते.

थांबवून ठेवू नका

'घरी गेल्यावर बदलू' असं म्हणून बाळाला तासन् तास त्याच डायपरमध्ये ठेवणाऱ्या आया मी खूप पाहते. लाजेपोटी ठेवतात, आणि मला त्यांचं वाईट वाटतं. शी झाली असेल तर डायपर लगेच बदलायला हवा. शी आणि लघवी एकत्र आली की कातडी फार लवकर सोलवटते, आणि एकदा पुरळ उठली की चार दिवस बाळ रडतं. नुसती शू असेल तर दोन-तीन तास चालतं. डायपरवरची पिवळी रेघ निळी झाली की ओला झाला असं समजायचं, सगळा भरायची वाट बघायची नाही. बाळाला कोरडं करणं म्हणजे त्याला भूक लागल्यावर पाजण्यासारखंच आहे. त्याची परवानगी कुणाकडे मागायची नसते. मागायची असते ती फक्त जागा.

पिशवी

आपल्याकडे डायपर बदलायचं टेबल असलेली स्वच्छतागृहं मोजकीच. मोठ्या बसस्टँडवर बाळाला पाजण्यासाठी वेगळी खोली असली तर ती आधी विचारावी. कुलूप असलं तर चौकशीच्या खिडकीवर किल्ली मागावी, संकोच करू नये. पण तिच्यावर भिस्त ठेवून निघू नये. टेबल, पाणी, कचऱ्याचा डबा, सगळं आपल्या पिशवीतच आहे असं धरून चालायचं.

सगळ्यात वर, हात घालताच लागेल असं मेणकापड. साधारण दोन फूट लांब. त्यावर अंथरायला एक दुपटं किंवा जुन्या साडीची छोटी वाकळ. मेणकापड एकटं घालू नका. थंडीत ते पाठीला गार लागतं, उन्हाळ्यात चिकटतं, आणि दोन्ही वेळा बाळ भोकाड पसरतं. मेणकापडाच्या एका कोपऱ्यावर रंगीत दोऱ्यानं फुली शिवून ठेवा आणि ती बाजू कायम जमिनीकडे ठेवा. नाहीतर मागच्या वेळी स्टँडच्या फरशीला लागलेली बाजू पुढच्या वेळी बाळाच्या पाठीखाली येते. हे मला धाकट्याच्या वेळी सुचलं.

डायपर किती? प्रवासाच्या दर दोन-तीन तासांना एक, आणि वर दोन जास्त. बेळगाव ते कोल्हापूर साधारण ११० किलोमीटर. वाट सरळ असली तर तीन तासांत पोहोचतो, पण हायवेवर काम चालू असेल तर काही सांगता येत नाही. तेवढ्यासाठी मी चार घेते.

पुसायला ओले वाइप्स असतातच. तरीही एका छोट्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी आणि मूठभर कापूस ठेवा. तान्ह्या बाळाला तेच बरं, आणि वाइप्सचं पाकीट नेमकं उघडं राहून वाळलं तरी अडत नाही. शिवाय एक जुनी मऊ साडी किंवा मोठी ओढणी आडोशाला, बाळाचा एक जादा अंगरखा, साबणाची वडी किंवा कागदी साबण, आणि डॉक्टरांनी दिलेलं झिंक ऑक्साइडचं मलम. पावडर नको. ती उडते, बाळाच्या श्वासातून आत जाते, आणि बसमध्ये शेजाऱ्याच्याही नाकात.

आता पिशव्यांचं. कर्नाटकात २०१६ पासून प्लास्टिक कॅरीबॅगवर बंदी आहे, त्यामुळे दुकानातून ऐनवेळी पिशवी मिळेल असं धरू नका. घरात येणाऱ्या ब्रेडच्या पिशव्या मी धुऊन, वाळवून जपून ठेवते. त्यांना भोकं नसतात, तोंड लांब असतं, गाठ घट्ट बसते. चार पिशव्या आणि चार दुमडलेली वर्तमानपत्रं एकत्र रबर लावून ठेवली की वापरलेल्या डायपरची सोय झाली. मी वरून झाकणाचा एक प्लास्टिकचा डबाही ठेवते, म्हणजे गाठ बांधलेली पिशवी त्यात गेली की बसमध्ये वास येत नाही. घट्ट झाकणाचा कुठलाही जुना डबा चालतो, फक्त तो पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका.

लंगोट वापरणाऱ्यांनी दोन पिशव्या घ्याव्यात, एकीत ओले आणि दुसरीत शीचे. खानापूरकडच्या पावसात लंगोट दोन-दोन दिवस वाळत नाहीत. त्या दिवसांत घरी लंगोट आणि प्रवासाला डायपर अशी वाटणी केलेली बरी. आज्जी रागावल्या तरी.

वेळ साधणे

निम्मं काम वेळेनं होतं. बाळं बहुतेक वेळा दूध पिऊन झाल्यावर थोड्याच वेळात शी करतात. पोटात दूध गेलं की आतडी हलू लागतात म्हणून. तेव्हा बसमध्ये चढल्यावर पाजायचं आणि सुळेभावीच्या आत शी, असं करण्यापेक्षा निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी पाजा, वाट बघा, बदला, मग चढा. आठ-दहा दिवस बाळाकडे नीट लक्ष दिलं की त्याची वेळ कळते. माझी थोरली सकाळी साडेआठला, घड्याळ लावावं तशी. आम्ही नवाची बस धरायचो.

जागा कशी मागावी

आधी न विचारता बाळ आडवं करू नये. रिकामा बाक असला तरी शेजारी बसलेल्यांना एक शब्द सांगावा. 'काकू, बाळाचं कापड बदलायचंय, दोन मिनिटं' एवढं म्हटलं की बहुतेक बायका स्वतःच सरकतात, पिशव्या उचलतात. आपल्या भागात शेजारी कन्नड बोलणारी असण्याची शक्यता निम्मी. तेव्हा 'अक्का, कूसिन बट्टी बदल माडबेकु, स्वल्प जागा कोड्री' हे वाक्य पाठ करून ठेवा. कूसु म्हणजे तान्हं बाळ. त्या एका शब्दानं समोरच्या बाईचा चेहरा बदलतो. कचऱ्याच्या डब्यासाठी 'कसद डब्बी एल्लैतरी?' एवढं पुरतं. हे वाक्य मोडकंतोडकं बोलले तरी आजवर मला कुणी वाकडं उत्तर दिलेलं नाही.

जागा निवडताना एवढंच बघायचं की तिथे कुणी खात नसावं, कुणाचं पूजेचं किंवा नैवेद्याचं सामान नसावं, ती येण्याजाण्याची वाट नसावी, आणि वाऱ्याची दिशा लोकांकडे नसावी. शेवटची गोष्ट लोक विसरतात. स्टँडच्या टोकाचा, भिंतीकडचा बाक बहुधा बरा. जमीनही वाईट नाही. उलट वळवळ्या बाळासाठी जमीनच सुरक्षित, कारण तिथून ते पडत नाही. बाकावर घातलं तर एक हात कायम त्याच्या पोटावर. वाइप्स पिशवीच्या तळाशी राहिले म्हणून मागे वळायचं नाही. पोटावरचा हात न सोडता शेजारणीला सांगायचं.

आडोसा हवाच. बाळ लहान आहे, त्याला काय कळतं, असं म्हणून भर गर्दीत त्याला पूर्ण उघडं करणं मला पटत नाही. आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. कुणी कौतुकानं जरी फोन पुढे केला तरी 'आत्ता नको, थोडं थांबा' असं स्पष्ट म्हणा. साडी खांबाला आणि पिशवीला बांधून पडदा होतो. नाहीतर कुणीतरी धरतंच. एकदा निपाणीच्या स्टँडवर मी एकटीच होते, वारा सुटलेला, ओढणी काही केल्या राहत नव्हती. शेजारच्या म्हातारबाई डोक्यावरची बुट्टी खाली ठेवून उठल्या. 'घाला की वैनी बाळाला हितं, रडालंय नव्हं ते. पदर धरतो मी.' लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी ताणून, तोंड पलीकडे करून त्या उभ्या राहिल्या. माझं आटपेपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

दोन मिनिटांत बदलणे

बाळाला खाली ठेवायच्या आधी हात पुसा आणि सगळं उजव्या हाताशी मांडा. मेणकापड, त्यावर दुपटं. उघडलेला नवा डायपर. चार-पाच वाइप्स पाकिटातून ओढून वर काढलेले. तोंड उघडलेली पिशवी. ही मांडणी झाली की मगच बाळ.

नवा डायपर जुन्याच्या खाली आधीच सरकवून ठेवायचा. मधेच शू झाली तर ती दुपट्यावर जाण्याऐवजी नव्या डायपरवर पडते, आणि जुना काढला की नवा जागेवर असतोच. मग जुन्याच्या पट्ट्या सोडा. पँटसारखा डायपर असेल आणि शी झाली असेल तर तो पायांतून खाली ओढू नका, पोटऱ्या बरबटतात. दोन्ही बाजूंची शिवण फाडून पुढचा भाग मोकळा करा. मुलगा असेल तर पुढे एक रुमाल टाका, वारा लागला की कारंजं उडतं आणि ते शेजाऱ्यावरही जातं.

डायपरच्याच पुढच्या कोरड्या भागानं जेवढी शी निघेल तेवढी एका फटक्यात पुसून घ्या आणि तो भाग आत दुमडून बाळाच्या कमरेखाली ठेवा. निम्म्याहून जास्त काम तिथेच होतं, वाइप्सही कमी लागतात. मग वाइप. मुलीला पुढून मागे, कधीही मागून पुढे नको, कारण शीतले जंतू लघवीच्या वाटेत जातात. एक वाइप एकदाच, घाण बाजू आत घडी करून. जांघेच्या वळ्या, मांडीच्या घड्या उघडून बघा. घाईत तिथेच राहतं आणि रात्री तिथेच लाल होतं. पाय उचलताना दोन्ही घोटे एका हातात धरा आणि मध्ये आपलं बोट ठेवा, म्हणजे हाडं एकमेकांवर घासत नाहीत.

पुसून झाल्यावर कातडी कोरडी होऊ द्या. दहा-पंधरा सेकंद वारा लागला तरी पुरतो. मग नव्याच्या पट्ट्या लावा. पोटाशी दोन बोटं जातील इतकं सैल, आणि मांड्यांभोवतीची झालर बाहेर काढलेली. ती आत दुमडलेली राहिली तर तासाभरात मांडीवरून ओघळ येणार. नाळ अजून पडली नसेल तर डायपरची कड नाळेच्या खाली दुमडा.

बाळाशी सतत बोलत राहा. माझ्या धाकट्याला बस दाखवत दाखवत केलं की तो गप्प असायचा. 'ही खानापूरची, ही गोकाकची, ही आपली.'

वापरलेल्या डायपरचं काय करायचं

डायपरमध्ये सोडियम पॉलिअॅक्रिलेट नावाची पूड असते. ती स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरते आणि फुगून जेलीसारखी होते. त्या बाईच्या मनगटावर जे ओघळलं ते हेच. याच कारणानं डायपर संडासात टाकायचा नाही. तो पाणी पिऊन पाइपातच फुगतो. एका मंगल कार्यालयात मी भर लग्नात हे झालेलं पाहिलं. बायकांच्या बाजूचं एकुलतं एक स्वच्छतागृह तुंबलं, जेवणाच्या पंगती चालू, आणि पाणी चौकटीबाहेर यायला लागलं. यजमानांच्या घरच्या दोन मुली पैठण्या खोचून बादल्यांनी पाणी उपसत होत्या. वाइप्सही टाकू नयेत, ते कागदासारखे विरघळत नाहीत.

तर क्रम असा. स्वच्छतागृह असेल तर डायपरमधली शी तेवढी संडासात झटकून पाणी ओता. मग डायपर पुढून मागे घट्ट गुंडाळा, वाइप्स त्याच्या आतच घाला, आणि त्याच्याच पट्ट्यांनी बांधा. पँटवाल्यांना मागे एक लांब चिकटपट्टी असते, ती याचसाठी. वर वर्तमानपत्राचा एक थर, मग पिशवी, मग गाठ. कागदावर लाल पेननं मोठा ठिपका काढा. पुण्यात कचरावेचकांनी ही लाल ठिपक्याची पद्धत सुरू केली. पुडक्यात काय आहे हे न उघडता कळावं म्हणून. आपल्याकडे सगळ्यांना हा ठिपका ठाऊक नाही. म्हणून पुडकं हातात देताना तोंडानं 'बाळाचं आहे' असंही सांगावं.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेला डायपर सॅनिटरी कचऱ्यात धरला. तो गुंडाळून द्यायची जबाबदारी आपल्यावर घातली आणि गुंडाळायला पिशवी पुरवायची जबाबदारी कंपन्यांवर. पाकिटात अशा पिशव्या निघाल्या तर त्या फेकू नका.

झाकणाचा डबा दिसला तर त्यात टाका. उघडा, ओसंडलेला डबा असेल तर टाकू नका. रात्री कुत्री तो ओढून काढतात आणि सकाळी खराटेवालीला सगळ्या फलाटभर वेचावं लागतं. अशा वेळी तो आपल्याबरोबर घरी आणायचा. माझा झाकणाचा डबा त्यासाठीच आहे. बसच्या खिडकीतून, गाडीच्या काचेतून, घाटाच्या कठड्यावरून, कुठूनही फेकायचा नाही.

जागेप्रमाणे थोडं वेगळं

बसमध्ये. ११ जून २०२३ पासून बायकांना फुकट प्रवासाची शक्ती योजना आहे आणि तेव्हापासून कर्नाटकच्या साध्या बसमध्ये बायकांची गर्दी चांगलीच असते. उभं राहायलाही जागा नसते तिथे सीटवर बाळ आडवं करणं म्हणजे कुणालातरी उठवणं. म्हणून चढायच्या आधीच बदलून घ्या. वाटेत फक्त शू झाली असेल तर खिडकीकडे बसून, गुडघे जुळवून, मांडीवर मेणकापड टाकून बदलता येतो, आणि पँटवाला डायपर इथे सोपा. शी झाली असेल तर मात्र कंडक्टरला सांगा. पुढच्या स्टँडवर दोन मिनिटं जास्त थांबा म्हटलं की थांबतात. आधी सांगितलं तर. बस सुटायची घंटी वाजल्यावर नाही. सीटच्या पाठीमागच्या जाळीत ओले वाइप्स खोचू नका, पुढचा प्रवासी तिथे पाण्याची बाटली ठेवतो.

गाडीनं गोव्याला जाणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. चोर्ला घाटात चालत्या गाडीत मागच्या सीटवर बाळाला आडवं करू नका. वळणं सलग आहेत, ब्रेक लागला की बाळ हातातून जातं. जांबोटीला थांबा, तिथे बदला, आणि घाट उतरेपर्यंत बाळाला बाळांच्या सीटमध्ये पट्ट्यानं घट्ट बांधून ठेवा. पुण्या-बेंगळूरच्या हायवेवर पेट्रोल पंप आहेत, कोगनोळीचा टोलनाका आहे. थांबायला जागा मिळते. थांबल्यावर डिकी उघडून तिच्यात बाळाला घातलं की आडोसा आणि सावली दोन्ही होतं. फक्त गाडी पूर्ण बंद आणि हँडब्रेक ओढलेला हवा.

रेल्वेत राणी चन्नम्मासारख्या रात्रीच्या गाडीत आपला खालचा बर्थ असेल तर तिथेच, चादर लावून. दुसऱ्याच्या बर्थवर नको, तो झोपला नसला तरी. समोर कुणी डबा उघडला असेल तर त्यांचं जेवण होईपर्यंत थांबा, आणि थांबणं शक्यच नसेल तर त्यांना सांगून डब्याच्या टोकाला जा. डब्यांत आता जैविक शौचालयं आहेत, त्यांत डायपर पडला की सबंध रात्र ते स्वच्छतागृह सगळ्यांसाठी बंद.

हॉटेलात जेवणाच्या टेबलावर किंवा बाकड्यावर कधीच नाही. कितीही कोपऱ्यात असलं, मेणकापड कितीही मोठं असलं तरी. गल्ल्यावरच्या माणसाला विचारा. बऱ्याच हॉटेलांत फॅमिली रूम असते, दुपारनंतर ती रिकामी असते. हायवेवरच्या एका हॉटेलात मला 'इथं नाही चालणार' म्हणून बाहेर काढलं होतं, तेही मी नुसतं विचारल्यावर. बाहेर ऊन, धूळ. राग आला, डोळ्यांत पाणी आलं. पण त्याच हॉटेलातल्या भांडी घासणाऱ्या बाईनं मागच्या बाजूची आपली बसायची चटई झटकून दिली. तेव्हा मालकानं नाही म्हटलं तर वाद घालत बसू नका, बाळ ओलं आहे. आतल्या बायकांना विचारा. आणि बाळाचं ढुंगण चूळ भरायच्या बेसिनमध्ये धुऊ नका. नळ हवाच असेल तर बादली-मगचा, स्वच्छतागृहातला.

लग्नकार्यात नवरीच्या खोलीत घुसायची आपल्याला सवय आहे, कारण तिथे पंखा असतो. पण तिथे शालू पसरलेले असतात, दागिन्यांचे डबे उघडे असतात. करवलीला विचारा, दुसरी खोली असतेच. वापरलेला डायपर कार्यालयाच्या न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवून येऊ नका. पाहुणे म्हणून गेलो तरी तो आपला आहे.

देवळात आणि यात्रेत जास्त जपावं लागतं. सभामंडपात नाही, नैवेद्य शिजतो त्या चुलींजवळ नाही, परड्या भरतात तिथे नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर पौर्णिमेला पाय ठेवायला जागा नसते. आम्ही आमच्या गाडीच्या किंवा बैलगाडीच्या आडोशालाच बदलतो. तिथे भंडारा उधळतात, तो सगळीकडे उडत असतो. बदलताना बाळाच्या डोळ्यांवर ओढणी धरा आणि आपले हात आधी पाण्यानं धुवा, नाहीतर बोटांचा भंडारा ओल्या कातडीला लागतो आणि चरचरतो. सौंदत्तीजवळच्या जोगुळभावीच्या कुंडात, खानापूरजवळ असोग्याला मलप्रभा नदीच्या पायऱ्यांवर लंगोट खळबळू नका. मलप्रभा कणकुंबीला उगवते, खानापूरवरून सौंदत्तीकडे जाते आणि नविलतीर्थाच्या धरणात अडते. तेच पाणी हुबळी-धारवाडकडे प्यायला जातं. असोग्याला आपण जे धुतो ते खाली कुणाच्यातरी घागरीच्या वाटेवर असतं. बाटलीतलं पाणी झाडाच्या बुंध्याशी, नदीपासून लांब वापरा. सोवळं पाळणाऱ्या आज्जींनी हटकलं तर उलट बोलू नका. 'बरं आज्जी, लांब जाते' म्हणा आणि लांब जा. त्यांच्या मनाला लागलं तर त्यांचा सबंध दिवस जातो, आपली चार पावलं जास्त होतात.

दवाखान्यात नर्सला विचारा. तिथले पिवळे-लाल-निळे डबे ठरावीक कचऱ्यासाठी असतात, आपल्या मनानं त्यांत काही टाकू नका.

बाबांसाठी

पुरुषांच्या स्वच्छतागृहात बाळाला ठेवायला जागाच नसते, म्हणून बरेच बाबा बाळ आईच्या हातात देऊन मोकळे होतात. माझे यजमान स्टँडच्या बाकावरच बदलतात. पहिल्यांदा केलं तेव्हा समोरच्या दोन-तीन बायका टक लावून बघत होत्या, मग त्यांतल्या एकीनं उठून दुपट्याची सुरकुती सरळ करून दिली. बाबांनी एवढंच करावं की बायकांच्या बाजूच्या खोलीत न विचारता जाऊ नये, दारातून हाक मारून सांगावं. आणि शेजारच्यांनी 'आई कुठाय याची?' हा प्रश्न विचारू नये. कधी कधी ती आजारी असते, कधी नसतेच.

इतर शेजाऱ्यांनाही तेवढंच सांगते. बघू नका, सल्ले देऊ नका, आणि 'इथं कशाला' असं पुटपुटू नका. पेपरचं एक पान, थोडं पाणी किंवा पदर पुढे करा.

उठायच्या आधी आणि घरी आल्यावर

बाळ कडेवर घेतल्यावर बाकावर एकदा नजर टाका. कापसाचा बोळा, वाइपचा तुकडा, ओला डाग. डाग असेल तर पाण्यानं पुसा, मग कागदानं कोरडा करा. हात साबणानं धुवा, वीसेक सेकंद तरी. हात दिसण्याइतके बरबटलेले असतील तर नुसत्या सॅनिटायझरनं भागत नाही. साबण-पाणी मिळेपर्यंत बाळाला बिस्कीट देऊ नका. जागा दिलेल्या बाईला 'येतो हं काकू' म्हणून निघा.

घरी आल्यावर पुडकं कचऱ्याच्या गाडीला वेगळं द्या. खेड्यात परसात पुरू नका, ते कुजत नाही आणि कुत्री उकरून काढतात. पेटवूही नका, त्यात प्लास्टिक असतं आणि धूर दारातच राहतो. गावात गाडी येत नसेल तर बांधून साठवा आणि बेळगावला किंवा तालुक्याला जाताना घेऊन जा, आम्ही माहेरी तसंच करतो. झाकणाचा डबा आणि मेणकापड साबणानं धुऊन उन्हात घाला. आणि पिशवी त्याच संध्याकाळी पुन्हा भरा. डायपर, दुपटं, कापूस, ब्रेडच्या पिशव्या, पेपर. आमची दाराआडच्या खुंटीला लावलेली असते.